बांधफोड्याचा पाचवा अंक

नावड्याहून जोमाशेठचा निरोप आला तेव्हा गोजराबाय विळीवर बोंबील साफ करत बसली होती. निरोप आणणारा मध्यस्थ अंगणातच उभा राहिला. आत यायची त्याची छाती झाली नाही, आणि ते त्याच्या प्रकृतीला चांगलंच झालं.

"पोरगी पसंत हाय," तो म्हणाला. "शिकलेली हाय, कमावती हाय, शेठच्या नातवाला, मिथुनला तर काय, तिच्याबिगर दुसरी दिसतच नाय. पन जोमाशेठ बोलतात, बांधफोड्यांच्या घरात सोयरीक नको."

गोजराबायने हातातल्या बोंबलाचं डोकं असं उडवलं की ते कंपाउंडवरून उडून शेजारच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन पडलं. त्या गॅलरीतली मांजर पुढे वर्षभर रोज त्या वेळी आकाशाकडे तोंड करून बसायची, असं शिरवणे गावात सांगतात.

"कोन बांधफोडे?"

"आता ते काय, सगल्यांना म्हायती हाय..."

"माज्या नवऱ्यानं जन्मात कुनाच्या कुंपनाची काटकी मोडली नाय! कुठला बांध? दाखव मला. चल, आत्ता दाखव!"

मध्यस्थ काय दाखवणार? शिरवण्यात बांध होता कुठे? खाडीचं पाणी अडवणारा जुना खारबांध कधीच रस्त्याखाली गेला होता. बांधामागच्या खाजणातली, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीतली, भातशेती सरकारने घेतली, तिथे सेक्टर झाले, सेक्टरात सोसायट्या झाल्या, आणि ज्या जागी पूर्वी खेकडे तिरके चालायचे तिथे आता लोक सकाळी कानात वायरी घालून सरळ चालत होते. बांध गेला, शेत गेलं, मीठ गेलं. बदनामी तेवढी राहिली, सातबाऱ्यावर चढवल्यासारखी. आणि ती तरी कशाची? एका नाटकातल्या पात्राची.

ते असं झालं होतं. फार पूर्वी गावात एक मास्तर बदलून आले. दोन-तीन वर्षं राहिले, गावची कोळंबी खाल्ली, गावच्या गोष्टी ऐकल्या आणि पुढे त्यावर एक जाडजूड कादंबरी लिहिली. कादंबरी गाजली. कॉलेजात लागली. शिरवण्यात तिचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'पुस्तक' म्हणतात, जणू जगात दुसरं छापलंच गेलं नाही. पुस्तकात एक धर्मा खोत आहे: गावाचा कर्ता पुरुष, बांधाचा राखणदार, पांढरा फेटा, भारदस्त आवाज. आणि एक देवजी आहे, जो उधाणाच्या भरतीला बांध फोडून गावाच्या पिकात खारं पाणी घालतो. बैठकीत त्याला विचारतात, बांध कुणी फोडला? तो म्हणतो, मी. का फोडलास? गप्प. गाव त्याला हाकलून देतं.

या पुस्तकाचं गावाने नाटक केलं, आणि गावदेवीच्या जत्रेत दर वर्षी ते होऊ लागलं. आता शिरवण्याची रीत अशी, की ज्या घराला जो मान मिळाला तो त्या घराचा. पालखीची दांडी ज्याच्या खांद्यावर, त्याच्या नातवाच्याही खांद्यावर. नाटकातल्या भूमिकाही तशाच वाटल्या गेल्या. पहिल्या वर्षी खोत व्हायला अर्धं गाव फेटे बांधून आलं. देवजी व्हायला कुणी तयार होईना. नाटक मोडायची वेळ आली, देवीपुढे शब्द दिलेला. तेव्हा गोजराबायचा सासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, कान्हाचा बाप पुढे आला आणि म्हणाला, "द्या मला. कुनीतरी शिव्या खायलाच पायजेत ना." गावाने त्याला त्या दिवशी खांद्यावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बांधफोड्या म्हणायला सुरुवात केली.

बापामागून कान्हा देवजी झाला. चौथ्या अंकाच्या शेवटी देवजीला हाकलतात तेव्हा सगळ्या गावाने त्याला खाडीच्या चिखलाचे गोळे मारायचे, ही त्या नाटकाची मजा. लेकराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मारतात. आताशा गावाजवळ चिखल मिळत नाही म्हणून तो ड्रममध्ये भरून टेम्पोने आणतात, आणि ड्रमवर बॅनर असतो: 'चिखल सौजन्य, निशांत पाटील मित्र मंडळ.' लग्न होऊन आल्यापासून गोजराबाय दर जत्रेला नवऱ्याच्या कानातला चिखल काढत आली होती. एका वर्षी तर त्याच्या डाव्या कानातून जिवंत निवटी, म्हणजे चिखलातली मासळी, निघाली, आणि ती एवढी मोठी होती की दोन जणांचं कालवण झालं.

हे तिने सोसलं. कान्हा एमआयडीसीतल्या कारखान्यात लागला, तिथे नळ गळला तरी लोक आधी त्याच्याकडे बघत. तेही सोसलं. पावसात सेक्टरमध्ये पाणी तुंबलं की बायका तिच्या दाराकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसत. तेही. पण आता गोष्ट तिच्या शेंडेफळाच्या, रंजिताच्या लग्नावर आली होती.

रंजिता तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. मिथुन तिथलाच. संध्याकाळी ती घरी आली, निरोप ऐकला आणि बॅग सोफ्यावर आपटून म्हणाली, "मिथुन बोलला मला. तो आजोबांशी भांडून आलाय. पण आई, ह्यात सगळ्यात भारी जोक काय आहे माहितीये? पुस्तकात तर देवजीची काही चूकच नाहीये!"

"काय बोललीस?"

"शेवटचं प्रकरण. आम्हाला कॉलेजला होतं. धर्मा खोतानेच उघाडीसाठी आणलेल्या नव्या फळ्या चोरलेल्या असतात, स्वतःची माडी बांधायला." उघाडी म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा, हे गोजराबायला सांगावं लागलं नाही. "सडकी उघाडी घरांच्या बाजूला फुटणार असते. म्हणून देवजी आपल्या शेताकडून बांध कापतो. गाव वाचवतो तो! आणि खोताचं नाव सांगत नाही, कारण अख्ख्या खाजणाचा पट्टा खोताच्या नावावर असतो. खोत चोर ठरला तर जमीन सगळ्या गावाची जाणार. आमच्या वर्गात पोरी रडल्या होत्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

गोजराबायने हळूच मान वळवली. कान्हा कोपऱ्यात खुर्चीवर बसून फार मन लावून आपल्या नखांकडे बघत होता.

"तुमाला म्हायती व्हतं?"

कान्हाने दुसऱ्या हाताची नखं बघायला घेतली.

"आवो, मी तुमाशी बोलते!"

"पाचवा अंक हाय ना," कान्हा पुटपुटला. "त्यात येतं ते सगलं. पन चवथा संपतो तवा दिवेलागनी होते. पालखी निघते. मंग पाचवा ऱ्हातो."

"एकदा पन नाय झाला?"

"बाबांच्या टायमाला पन नाय. भाषन पाठ हाय मला."

तेव्हा गोजराबायच्या डोक्यात लख्ख पडलं. इतकी वर्षं हा माणूस आंघोळ करताना बंद दाराआड काहीतरी पुटपुटायचा. तिला वाटायचं स्तोत्र म्हणतोय. त्या स्तोत्राच्या भरवशावर तिने पोरांच्या परीक्षा काढल्या होत्या.

"म्हंजे तुमी निर्दोष," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला, "तुमाला म्हायती तुमी निर्दोष, आनि तुमी चिखल खाऊन घरी येता! आनि मी धुते! आनि माज्या पोरीला लोक नाय बोलतात! कधी बोलला नाय कमिटीला, बाबांनो, पाचवा करू द्या?"

"देवी थांबेल का माज्यासाठी, गोजरे?" कान्हा म्हणाला. "आनि देवजी पन गप्पच बसतो ना."

"तो पुस्तकात बसतो! त्याला पोरगी हाय का लग्नाची?"

त्या रात्री त्या घरात कुणी जेवलं नाही. बोंबील मात्र संपले. त्याबद्दल भाडेकरू हौसेराव काही बोलत नाही.

या हौसेरावाची ओळख करून द्यायला हवी. हा मूळ साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात पोती उचलून निवृत्त झालेला, कान्हाच्या चाळीत मागच्या खोलीत राहणारा. नाटकात तो विंगेत बसून संवाद सांगायचा. त्याचा आवाज हळू होतच नसे. ट्रकच्या टपावरून खालच्या माणसाशी बोलण्यात आयुष्य गेलेलं. त्यामुळे शिरवण्याच्या नाटकात प्रत्येक वाक्य प्रेक्षकांना दोनदा ऐकू येतं, एकदा साताऱ्याच्या बोलीत विंगेतून आणि मग स्टेजवरून. लोकांना त्याची इतकी सवय झालीय की दुसरीकडे नाटक बघायला गेले तर त्यांना काहीतरी अर्धं राहिल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाय निशांत पाटलाच्या ऑफिसात गेली. निशांत बिल्डर, जत्रा कमिटीचा अध्यक्ष, यंदा नगरसेवकपदालाही उभा राहणार अशी हवा, आणि घराण्याने धर्मा खोत. भिंतीवर त्याच्या आजोबांचा, वडिलांचा आणि त्याचा असे तीन फोटो, तिघेही त्याच पांढऱ्या फेट्यात.

"पाचवा अंक?" निशांत म्हणाला. "काकी, आपलं नाटक चार अंकीच आहे."

"पाच अंकी हाय. तुजा बाप पन चार अंकी समजायचा. नाटक दुपारी दोन तास आदी चालू कर, सगले अंक मावतात."

"दुपारी पब्लिक जेवणात असतं. पाहुणे येतात, मटण असतं, लोकांना झोप येते. टेन्शन नका घेऊ, बघू पुढच्या वर्षी." मग त्याने मोबाईलवर पुस्तक शोधलं, शेवटचं प्रकरण उघडलं, थोडं वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग फेट्यासारखा झाला. "हे... हे असं आहे? मी रडत येऊन कान्हाकाकांच्या पाया पडायचं? स्टेजवर?"

"चोरी केल्यावर पडायलाच पायजे."

"काकी, माझे बॅनर लागलेत सगळीकडे! लोक काय म्हणतील?"

"काय म्हनतील? नाटक हाय बोलतील ना?" गोजराबाय टेबलावर ओणवी झाली. "माज्या घराला बोलतात तवा तू काय बोलतोस? 'काकी, मनावर घेऊ नका, नाटक हाय.' मंग तू पन नको घेऊ मनावर. का तुज्या फेट्याखाली वेगलं मन हाय?"

निशांत हसला, चहा मागवला, नमस्कार केला, आणि पाचवा अंक होणार नाही असं सांगितलं. मतं मागायला निघालेला माणूस जितक्या गोडीने नाही म्हणू शकतो तितक्या गोडीने सांगितलं.

गोजराबाय तिथून निघाली ती चालत घरी आली, पण लोक सांगतात की तिच्या पायाखालचे पेव्हर ब्लॉक अजून कोमट लागतात. घरी येऊन तिने हौसेरावाला हाक मारली. "भावजी, पाचवा अंक तुमच्याकडं हाय का?"

"हाय की वैनी. कोराच्या कोरा. वाळवीनं बी शिवला न्हाई."

"मंग तयारीत ऱ्हावा."

"आवो पर खोताला यक अक्षर पाठ न्हाई."

"तुमाला हाय ना? तुमचा आवाज पुरे."

महिन्याभराने जत्रा भरली, आणि तिचा दुसरा दिवस, नाटकाचा, उजाडला. देवळापुढच्या मैदानात मंडप, मंडपात खुर्च्या, पहिल्या रांगेत पाहुणे, आणि पाहुण्यांत सोन्याची जाड चेन घातलेला जोमाशेठ, शेजारी तोंड पाडून बसलेला मिथुन. जोमाशेठ या नाटकाचा मोठा शौकीन. एकही जत्रा त्याने चुकवली नव्हती, आणि त्याचा चिखलाचा नेम असा पक्का की त्याने मारलेला गोळा थेट देवजीच्या कपाळावर बसायचा. पहिले तीन अंक झाले. निशांतने खोत असा काही केला की एकदोन बायकांनी बसल्या जागेवरून नमस्कार केला. चौथ्या अंकात बैठक झाली, देवजी गप्प राहिला, आणि गावाने ड्रमात हात घातले.

कान्हा चिखलाने भरून गेला. एवढा, की तो हलला नसता तर तिथे कुणीतरी भात लावला असता. जोमाशेठचा गोळा कपाळावर बसला, टाळ्या पडल्या, ढोल वाजायला लागले, आणि देवळातून पालखी निघाली.

ती मंडपापाशी आली आणि थांबली. पालखीवाले म्हणाले, पालखी जड झाली. अजूनही शपथेवर सांगतात. जड झालीच असणार, कारण गोजराबाय दांडीला लोंबकळत होती.

"आये," ती देवीला म्हणाली, आणि ढोल आपोआप बंद पडले, "तू बायमानूस, मी बायमानूस. तू रोज त्या गाभाऱ्यात बसून सगलं बघतेस. ह्या मानसाची गोष्ट अर्धी सांगतात आनि उरलेली गिलून तुज्या जेवनाला बसतात. थोडी थांब. पूर्न ऐक, मंग जा."

"काकी, सोडा! मुहूर्त जातोय!" निशांत स्टेजवरून ओरडला.

"मुहूर्त जातोय? माज्या पोरीचं लग्न गेलं, ते नाय दिसलं?"

एवढ्यात विंगेतून आवाज आला, "अंक पाचवा!" तो असा आला की पामबीच रोडवर उभ्या असलेल्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. लोक दचकून खाली बसले. ज्यांना बसायला खुर्ची नव्हती ते एकमेकांवर बसले.

कान्हा स्टेजच्या मध्ये उभा होता. त्याने डोळ्यांवरचा चिखल पुसला. समोर पालखी, पालखीला धरून बायको. आणि मग ते स्तोत्र, बंद दाराआडचं, उघड्यावर आलं.

"खोत, त्या रात्री पाणी घरांकडं येत होतं. उघाडी सडली होती. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. फळ्या तुमच्या माडीला लागल्या होत्या. पाण्याला कुठंतरी जायचंच होतं, म्हणून मी ते माझ्या शेतात घेतलं. तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमच्याबरोबर सगळं खाजण गेलं असतं. गावाला एक नाव पाहिजे होतं. मी माझं दिलं." तो थांबला. "पण दिलेलं नाव वापरताना तुम्ही कुणी माझ्या लेकराबाळांचा विचार केला नाहीत."

हे शेवटचं वाक्य पुस्तकात नाही. हौसेरावाने नंतर पानं उलटून उलटून पाहिली.

आता खोताची पाळी होती. निशांत फेट्यात घामाघूम, तोंड अर्धं उघडं. त्याला एक शब्द येत नव्हता. पण विंगेतून साताऱ्याचा हुंदका फुटला, "देवजी! म्या चोर हाय रं! उघाडीच्या फळ्या म्या खाल्ल्या! गावाला बुडवत हुतो, तू वाचवलंस, आन् तुला म्या चिखलात घातला!" निशांतचे ओठ हलत नव्हते. पण मागच्या खुर्च्यांवरून ओठ दिसत नाहीत, फेटा दिसतो. फेटा उभा होता आणि कबुली ऐकू येत होती. लोकांना पुरे झालं.

टाळी एकही पडली नाही. एका म्हातारीने हातात उरलेला चिखलाचा गोळा हळूच पदरात लपवला. जोमाशेठने आपला उजवा हात रुमालाने पुसला आणि पुसतच राहिला. गोजराबायने दांडी सोडली, आणि पालखी हलकी होऊन पुढे गेली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. गोजराबायलाही तसंच वाटलं. सकाळी ती मासळीबाजारात गेली तर कोळणीने तिला न मागता दोन पापलेटं जास्त टाकली. "देवजीच्या घरची," ती म्हणाली. मग शेजारी निशांतची आई आली, तशी त्याच कोळणीने टोपली झाकली. "उघाडीचोरांना काय ताजं लागतं?"

लोक हसले. गोजराबायला आधी गोड वाटलं, खोटं कशाला बोला. पिशवी घेऊन ती चार पावलं मिरवतच चालली. पाटलांच्या फाटकापाशी पोरं ओरडत होती, "उघाडीचोर! उघाडीचोर!" आणि निशांतची बहीण मैत्री स्कूटी बाहेर काढता काढता परत आत घालत होती. मान खाली. अगदी तशी, जशी गोजराबायची रंजिता गेला महिनाभर घालत होती.

पापलेटं एकदम जड झाली. गोजराबायने पोरांना अशी हाकलली की त्यातली दोन थेट ऐरोलीला जाऊन थांबली म्हणतात. मग ती घरी आली तर दारात गाडी उभी, आणि ओट्यावर पेढ्यांचा बॉक्स घेऊन जोमाशेठ. मागे मिथुन, चेहऱ्यावर ट्यूबलाइट लागल्यासारखा.

"विहीनबाय!" जोमाशेठ म्हणाला. कालपर्यंत तो तिला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हता. "कालचं बघितलं. डोले उघडले माजे. काय घरानं! काय त्याग! ह्या घरची पोर आमच्या घरात येनार, आमचं नशीब."

कान्हा आत खुर्चीवरून उठला. रंजिता दाराशी आली. गोजराबायने पिशवी खाली ठेवली. ती बोलणार, एवढ्यात जोमाशेठने पेढा पुढे केला आणि समाधानाने म्हणाला, "आनि देवीनं वाचवलं बघा. धाकल्या नातवासाठी पाटलांच्या मैत्रीचं बोलनं चालू व्हतं आमचं. सकालीच फोन करून तोडलं. उघाडीचोरांच्या घरात सोयरीक नको."

पेढा गोजराबायच्या तोंडापर्यंत आला होता. तो तिने परत बॉक्समध्ये ठेवला, आणि झाकणही लावलं.

"जोमाशेठ, मैत्रीनं कुठल्या फळ्या चोरल्या?"

"आता ते काय, सगल्यांना..."

"म्हायती हाय! काल आमच्याबद्दल म्हायती व्हतं, आज त्यांच्याबद्दल म्हायती हाय! तुमी सुना बघता का नाटकाची जाहिरात बघता? निशांतवर माजा राग हाय, हज्जारदा हाय. त्याच्या तोंडावर बोलीन. पन त्या पोरीचा काय संबंध? मी काय ह्याच्यासाठी देवीची पालखी अडवली? माज्या दारातला चिखल उचलून तिच्या दारात टाकायला?"

"विहीनबाय, इज्जतीचा प्रश्न..."

"विहीनबाय नका बोलू. अजून नाय झाली. फोन करा पाटलांना. बोलनं परत चालू करा. नायतर हे पेढे पन घेऊन जा."

मिथुनच्या चेहऱ्यावरची ट्यूब लुकलुकली. रंजिताने एकदा मिथुनकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि ती आईशेजारी येऊन उभी राहिली. तेव्हा कान्हा मधे पडला. त्याची ती सवयच होती.

"भांडू नका," तो म्हणाला. "पुढच्या वर्सी मी खोत करतो. फेटा मी बांधतो, निशांत होईल देवजी. त्या पोरीच्या घराचं नाव धुऊन निघंल. काय व्हायचं ते मला होऊ दे."

गोजराबायने कपाळावर हात मारला. "परत? परत तुमीच? आवो, गावात दुसऱ्या कुनाला अंग नाय का चिखल लावायला?"

जोमाशेठ चाचरला. "मंग... कान्हाशेठ खोत झाले तर... तुमची पोर... म्हंजे ती उघाडी..."

"बोला ना! बोला! उघाडीचोराची पोर होनार ना ती? मंग घटस्फोट मागाल पुढच्या जत्रेला?" गोजराबाय आता ओट्याच्या कडेवर उभी होती आणि जोमाशेठ मागे सरत सरत खाली अंगणात उतरला होता, त्यामुळे ती त्याला गावदेवीएवढी दिसली असणार. "हे खोत नाय होनार. निशांत पन नाय. लग्न करायचं असंल तर माजी एक अट. पुढच्या जत्रेला खोत तुमी. नावड्याचे जोमाशेठ."

"मी?" जोमाशेठ दोन पावलं मागे गेला. "चोर? सगल्या पाहुन्यांसमोर? अगो बाय, माज्या घराची इज्जत..."

"हां," गोजराबाय म्हणाली. "आता कललं कुठं दुखतं ते."

जोमाशेठ संतापला. त्याने बॉक्स मिथुनच्या हातात कोंबला, चपला शोधल्या, एक पायात घातली. "चल रे मिथुन! असल्या घरात पानी पन नको!"

मिथुन हलला नाही. त्याने बॉक्स उघडला, एक पेढा रंजिताला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि ओट्यावर मांडी घालून बसला. "तुमी जा, आजोबा. तुमी नाय केला तर खोत मी करीन. माजा आवाज बरा हाय. मंग आपलंच घर उघाडीचोर होईल, तुमी केला काय नि मी केला काय. आनि धाकट्याला पन फोन करतो मी. त्याला पन मैत्रीच पसंत हाय, तुमी विचारलं कुठं त्याला?"

मागच्या खोलीत हौसेराव श्वास रोखून ऐकत होता, आणि त्याचं ते श्वास रोखणंसुद्धा अंगणात ऐकू आलं. जोमाशेठ एक चप्पल पायात, दुसरी हातात, असा उभा राहिला. नातवाकडे बघितलं. कान्हाकडे बघितलं, त्याच्या कपाळाकडे, जिथे काल त्याचा गोळा बसला होता आणि अजून थोडं लाल होतं. मग तो ओट्याच्या खालच्या पायरीवर हळूहळू बसला, हातातली चप्पल बाजूला ठेवली, आणि कुणाकडेच न बघता विचारलं,

"ते पाया पडायचं असतं शेवटी... ते नुसतं वाकलं तर चालतं?"

"नाय," गोजराबाय म्हणाली. "कपाल टेकून."